शनिवारी आलेलं लोखंड

गाडीच्या ब्रेकनं पहिल्यांदा दगा दिला तेव्हा माझा नवरा हसला होता. तो हसला नसता तर मी एवढी भडकले नसते, आणि भडकले नसते तर नव्या डिस्क आणि पॅड निवडायचं काम त्याच्या हातातून काढून घेतलं नसतं. समोर मी त्याला अहो-जाहोच करते. लिहिताना एवढी सूट घेते.

गाडी लाल, पुण्याहून सेकंडहँड आणलेली. चार दरवाजे, मोठी डिकी, बघणाऱ्याला वाटावं साधी घरगुती गाडी. पण इंजिन असलं की पाय जरा जड पडला तर मान मागं जाते. तुळजापुरात असल्या गाडीचं काय काम, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "हौस," तो म्हणाला. हौसेपुढं काय बोलणार? आमचं घर म्हणजे खाली सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान आणि वर आम्ही: सासरे, नवरा, मी आणि चौथीत शिकणारी आमची मुलगी. गाडी दुकानासमोर उभी असायची आणि पाईप न्यायला आलेली माणसं आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची.

त्या दिवशी आम्ही सोलापूरला निघालो होतो. घाट उतरताना प्रत्येक वळणावर अगदी शेवटी ब्रेक दाबायचा, असा नवऱ्यानं सपाटा लावला होता. निम्म्यात आल्यावर जळका वास आला, आणि पुढच्या वळणाला त्याचा पाय पेडलसकट आत गेला. समोर उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर उतरत होता. नवऱ्यानं गिअर पाडला, पेडल दोन-चारदा दाबलं आणि ट्रॉली आणि डोंगर यांच्या मधून गाडी कशीबशी काढली. खाली सपाटीला आल्यावर म्हणतो, "बघितलंस का, कसली काढली." आणि हसला. मागं मुलगी झोपली होती. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर गाडीची किल्ली मी माझ्या पर्समध्ये टाकली.

"ब्रेक बदलल्याशिवाय ही गाडी घाटात जाणार न्हाई," मी म्हटलं. "आणि काय बसवायचं ते मी ठरवणार."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते मी. तुमच्यासारखी कितीतरी पोरं पास करून सोडलीत."

त्याला बारावीला फिजिक्सनंच रडवलं होतं.

त्यातलं शास्त्र तसं सोपं आहे. धावती गाडी थांबते तेव्हा तिचा वेग हवेत विरत नाही, त्याची उष्णता होते. त्यातली बहुतेक पुढच्या चाकांमागच्या दोन लोखंडी ताटांना गिळावी लागते. ती ताटं म्हणजे डिस्क. त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ते पॅड. ही चिमटी घट्ट बसली तर माणूस घरी येतो. आमच्या गाडीच्या जुन्या डिस्क झिजून पातळ झाल्या होत्या, पॅड कुणीतरी स्वस्तातले बसवले होते, आणि पायाचा दाब चाकापर्यंत नेणारं नळीतलं फ्लुइड किती वर्षांचं होतं देव जाणे. घाटात तापून ते उकळलं आणि पेडल आत गेलं.

नवऱ्याला भोकं पाडलेल्या डिस्क पाहिजे होत्या. मोबाईल माझ्या नाकापुढं धरून म्हणायचा, "बघ की, चाकातून कशा दिसतात. रेसच्या गाडीला असल्याच असतात." मी वाचून काढलं होतं. तापून-निवून त्या भोकांच्या कडेला बारीक तडे जातात, आणि भोक म्हणजे तेवढं लोखंड कमी, तेवढी उष्णता गिळायची ताकद कमी. "तुम्हाला ब्रेक पाहिजे का खिडकीची जाळी?" मी विचारलं. मग तो चरे पाडलेल्या डिस्कवर आला. त्या वाईट नसतात, पण खवणीवर खोबरं किसावं तसे पॅड किसतात आणि आवाज करतात. मी साध्या घेतल्या. जाड, वजनदार, आतून हवा खेळायला पोकळ, चांगल्या ओतीव लोखंडाच्या. दिसायला अगदी अडाणी. पॅडवरून तर दोन दिवस अबोला झाला. त्याच्या मित्रांनी शर्यतीचे पॅड सुचवले होते. ते लालभडक तापल्यावरच नीट पकडतात, थंड असताना नुसते घासतात. आमच्या गल्लीतून गाडी बाहेर काढली की पहिल्याच वळणावर कुणाची तरी म्हैस उभी असते. तिला काय सांगणार, थांब बाई, पॅड तापू दे? मी थंड असताना धरणारे आणि घाटभर तापले तरी न सोडणारे पॅड शोधून काढले. लोकांचे अनुभव वाचून वाचून डोळे दुखायला लागले होते. कारण मागच्या सीटवर कोण बसतं, ते मला एक क्षण विसरता येत नव्हतं.

इतकं सगळं बघितलं. पार्सल कुठल्या वारी येईल ते माझ्या हातात नव्हतं.

सासऱ्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, सीमेकडचं गिऱ्हाईक आलं की कानडीत गप्पा. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. मी नोकरी धरली तेव्हा नातेवाईक नाकं मुरडत होते, तेव्हा "तिचं ती बघंल" एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला. नातीवर तर त्यांचा एवढा जीव की ती शाळेतून यायच्या वेळेला ते गल्ल्यावरून उठून रस्त्यावर उभे राहायचे. असा मऊ माणूस. पण एका बाबतीत ते कुणाचं ऐकायचे नाहीत. शनिवारी आमच्या दुकानात लोखंड उतरत नाही. ट्रक आला तर रविवार उजाडेपर्यंत बाहेर थांबतो. ड्रायव्हरला चहा मिळतो, जेवण मिळतं, झोपायला गादी मिळते, माल मात्र उतरत नाही. शनिवारी लोखंड घरात घेऊ नये असं बरेच लोक मानतात, पण लग्नाच्या घाईत, बांधकामाच्या घाईत चालवून घेतात. अप्पा चालवून घेत नाहीत.

त्याला कारण होतं. तरुणपणी एकदा ते गावाला गेले असताना त्यांच्या धाकट्या भावानं शनिवारी सळया उतरवून घेतल्या. त्यातल्याच सळया दोन दिवसांनी ढोकीच्या एका गिऱ्हाइकाला ट्रॅक्टरवर पाठवल्या आणि मागून तो मोटारसायकलवर निघाला. ट्रॅक्टर अचानक थांबला. सळया ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या होत्या. पुढचं आमच्या घरात कुणी बोलत नाही. त्या भावाचा फोटो दुकानात गल्ल्याच्या वर आहे, आणि त्याला रोज हार घालताना अप्पा कुणाशी बोलत नाहीत.

आमचं पार्सल शनिवारी आलं. मी कॉलेजात होते, नवरा भूमच्या बाजाराला माल घेऊन गेला होता. कुरिअरवाल्यानं खोकं काउंटरवर आदळलं. अप्पांनी विचारलं, "काय हाय ह्यात? लई जड हाय." "लोखंड हाय काका, गाडीचं," म्हणून तो निघूनही गेला. त्याला परत बोलवायला अप्पा रस्त्यापर्यंत गेले होते, असं शेजारच्यांनी नंतर सांगितलं.

यापुढचं मला घाटात आणि त्यानंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. अप्पांनी खोकं उघडलं. हात-पाय धुतले. पाटावर दोन्ही डिस्क मांडल्या आणि शनीला वाहायचं तिळाचं तेल त्यांना चोळलं. मग पॅडचा डबा उघडला. वरच्या दोन पॅडना पोटभर तेल लावलं, खालच्या दोन्हींना उरलेलं, नुसतं बोटभर. दुकानाचं दार लोटून ते तिथंच बसून राहिले, तेल मुरेपर्यंत. मग सगळं फडक्यानं पुसलं, होतं तसं भरलं, टेप चिकटवली. आम्ही आल्यावर म्हणाले, "तुमचं पार्सल आलंय." दुसरं काही नाही.

डिस्कला तेल असलं तर बिघडत नाही. गंजू नयेत म्हणून त्या कारखान्यातूनच तेलकट येतात आणि मेकॅनिक त्या धुऊन घेतो. पण पॅड म्हणजे दाबून घट्ट केलेली भुकटी. भाजलेल्या विटेनं पाणी प्यावं तसा तो तेल पितो आणि वरून कोरडा दिसतो. एकदा प्यालेलं तेल धुऊन निघत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडं नेली. मी त्याच्या डोक्यावर उभी होते. त्यानं डिस्क स्प्रेनं धुतल्या, काळं झालेलं फडकं मला दाखवलं, "बघा मॅडम, एकदम कोऱ्या." नवं फ्लुइड भरलं. डब्यातले वरचे दोन पॅड उजव्या चाकाला गेले, खालचे दोन डाव्या चाकाला. काळे, कोरडे, नवेकोरे. मी ते हातात घेऊन बघितले होते. आजही कधी कधी त्या पॅडचं वजन माझ्या तळहातावर जाणवतं.

नवे पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, परत वेग, परत ब्रेक. धाराशिवच्या रस्त्यावर नवरा हे करत होता आणि मी शेजारी बसले होते. थोड्या वेळानं वास सुटला. सुरुवातीला वास येतो, घाबरू नये, असं डब्यातल्या कागदावर लिहिलेलंच होतं. पण ह्या वासात काहीतरी स्वयंपाकघरातलं होतं.

"तीळ करपल्यासारखा वास येतोय," मी म्हटलं.

"शेतात कुणीतरी काहीतरी पेटवलं असंल," तो म्हणाला. आणि खरंच लांब एका बांधावर धूर दिसत होता.

गाडी ब्रेक दाबल्यावर किंचित डावीकडं ओढत होती. मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, अलाइनमेंट गेलं असंल, सोलापूरला मशीनवर करून घ्या. सपाट रस्त्यावर, गावातल्या वेगात, गाडी व्यवस्थित थांबत होती. मुलीला फळ्यावरचं दिसत नव्हतं, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचंच होतं. दोन्ही कामं एकाच फेरीत करायची ठरली.

निघायच्या दिवशी नवरा परंड्याला गेला होता. मी गाडी सुरू केली, मुलगी मागं बसून बेल्ट लावत होती, तेवढ्यात अप्पा टोपी घालून दुकानाच्या पायऱ्या उतरून आले. "मी बी येतो," म्हणाले. मी चकित झाले. गाडी आणल्यापासून ते तिच्यात एकदाही बसले नव्हते. जमिनीला पोट घासत चालणारं जनावर आहे ते, असं म्हणायचे. मुलगी म्हणाली, "अप्पा, मागं या, माझ्याजवळ." त्यांनी मान हलवली आणि माझ्या शेजारी पुढं बसले. दुकान उघडंच होतं, गल्ल्यावर शेजारच्या माणसाला बसवून आले होते. त्यांचा एक हात सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या लिंगावर होता. वयस्कर माणूस, गाडीला घाबरतोय, असं मला वाटलं आणि मी जरा हळूच निघाले.

नव्या रस्त्यावर काहीतरी काम काढलं होतं म्हणून वाहनं जुन्या घाटानं सोडली होती. दुपार होती. कारखाने चालू होते, भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या घाट चढत होत्या, रस्ताभर उसाची पानं पडली होती. माझ्या डाव्या हाताला दरी आणि तुटका कठडा, उजवीकडून ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर. पहिल्या दोन वळणांना काही झालं नाही. तिसऱ्या वळणाला तो वास आला. ह्यावेळी आजूबाजूला कुठंही शेत नव्हतं.

पुढच्या उताराला मी ब्रेक दाबला आणि गाडीनं तोंड दरीकडं वळवलं. ओढली नाही, वळवलं. उजवं चाक थांबतच नव्हतं, डावं तेवढं धरत होतं. पाय काढला की गाडी सरळ, पण सुसाट. पाय ठेवला की दरी. उजवीकडं स्टिअरिंग ओढून धरावं तर समोर ट्रॅक्टर.

"तेल जळतंय," शेजारून अप्पा म्हणाले. इतक्या शांतपणे की मला वाटलं त्यांना काही कळतच नाहीये.

"कसलं तेल?"

"पार्सल शनवारी आलं व्हतं. तिळाचं लावलंय म्या. समद्याला."

माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. उजवं चाक, डावीकडची ओढ, तो वास. घाटात तापून पॅडच्या पोटातलं तेल बाहेर येत होतं आणि अजून येणार होतं. मी ब्रेकवरचा पाय काढला. दुसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला. हँडब्रेक एक-एक दात वर ओढत गेले, कारण एकदम ओढला असता तर मागचं ढुंगण फिरलं असतं. समोर दुधाचा टेम्पो चालला होता आणि तो जवळ येत होता. मी हॉर्न दाबून धरला. त्यानं बाजू दिली नाही, कुठं देणार, बाजूच नव्हती.

"आई," मागून मुलगी म्हणाली.

"बेल्ट धरून बस. डोकं खाली."

वळणाच्या पलीकडं, दरीच्या बाजूला, रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकलेला दिसला. त्याच्या पुढं कठडा नव्हता, नुसतं आभाळ दिसत होतं. टेम्पोच्या मागचे कॅन मोजता येतील एवढा तो जवळ आला होता. मी ढीग बघितला, आणि मग ब्रेक दाबला, दोन्ही पायांत होता नव्हता तेवढा जोर लावून. गाडीनं जे करायचं तेच केलं, तोंड डावीकडं टाकलं. बॉनेट खडीत घुसलं, काच पांढरी झाली, आणि आम्ही थांबलो. थोडं अलीकडं वळले असते तर ढीग लागला नसता.

मुलीच्या खांद्यावर बेल्टचा लाल वळ उठला होता. बाकी तिला काही झालं नव्हतं, मला नाही, अप्पांना नाही. मागून येणारी माणसं धावली, दारं उघडली, पाणी दिलं. गाडीच्या उजव्या चाकातून निळसर धूर येत होता आणि सगळीकडं देवळातल्यासारखा वास पसरला होता. अप्पा एका दगडावर बसले. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांतली धूळ झटकायला लागले.

नवऱ्याला फोन लावायच्या आधी मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं ज्यांच्याशी मान वर करून बोलले नाही, त्यांच्याशी बोलले.

"अप्पा, हे तेलानं झालं. शनिवारनं न्हाई. तुम्हाला माहीत नसंल, पण ब्रेकला तेल लागलं की ब्रेक लागत न्हाई."

"माहीत हाय," अप्पा म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी परत सांगायला लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"सारा जलम लोखंड विकण्यात गेला माझा. तेलानं ते घसरतं एवढं कळत न्हाई व्हय मला?" आवाज तोच होता, रोजचा, मऊ. "घसरल्यालं सावरता येतं, पोरी. तू सावरलंस की. शनवारचं कुणाला सावरता येत न्हाई. दोन्हीतलं एक तर घ्यावंच लागणार व्हतं. म्या हे घेतलं."

"आणि मला सावरता आलं नसतं तर? ही मागं बसली होती, अप्पा."

"म्हणून तर मी पुढं बसलो," ते म्हणाले, आणि तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला लागले.

मी मुलीला त्यांच्या मांडीवरून ओढून घेतलं. त्यांनी लगेच सोडली. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना पश्चात्ताप. हिशोब बरोबर आलेल्या माणसाचा चेहरा होता तो. ढिगापलीकडच्या दरीची भीती माझ्या मनातून आठवड्याभरात गेली. त्या चेहऱ्याची गेली नाही.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. तो म्हणाला, "त्यांचा हेतू वाईट नव्हता." मला माहीत आहे. हेतू वाईट असता तर मी घर सोडून गेले असते. ती लाल गाडी आता विकली. आम्ही अजून एकाच घरात राहतो, अप्पा अजून शाळा सुटायच्या वेळेला रस्त्यावर उभे असतात आणि मुलगी लांबूनच दप्तर सांभाळत त्यांच्याकडं पळत सुटते. तिला आता सायकल पाहिजे आहे. अप्पा म्हणतात, मी घेऊन देतो, चांगला वार बघून. ती रोज माझ्या मागं लागते. मी अजून हो म्हटलेलं नाही.